उलांडीने आणलेला ऊस

१० ऑगस्ट १७६३. राक्षसभुवनजवळ गोदावरी दुथडी भरून वाहत होती. त्याच वर्षी पुणं लुटून-जाळून गेलेला निजाम अली औरंगाबादकडे सरकत होता. काही फौज घेऊन तो स्वतः पैलतीराला पोचला. दिवाण विठ्ठल सुंदर मात्र उरलेल्या सैन्यासह अलीकडच्या काठावर राहिला. राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे नेमके तेव्हाच येऊन भिडले. विठ्ठल सुंदर पडला, फौजेची दाणादाण उडाली आणि निजामाला ती पैलतीरावरून पाहावी लागली. जानोजी भोसल्यांनी आयत्या वेळी बदललेली बाजू, माधवरावांनी वेढ्यात सापडलेल्या काकांची केलेली सुटका, हे सगळं इतिहासकारांनी भरभरून सांगितलंय. पण या लढाईचा निम्मा निकाल नदीनेच लावला होता. सगळी फौज एका दमात पलीकडे नेईल एवढी साधनं त्या घाटावर नव्हती.

गेवराई तालुक्यातलं हे राक्षसभुवन आज शनीच्या देवळासाठी ओळखलं जातं. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी जाते. आत सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा. चार महिने पाणी आणि आठ महिने वाळू, असा इथल्या बहुतेक नद्यांचा हिशेब. त्यामुळे नौकांचं घराणंही तसंच, गरजेपुरतं. भोयांची सपाट बुडाची नाव, वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड, बांबूचा नाहीतर केळीच्या खुंटांचा तराफा. आणि फारच अडलं तर गुळाची काहील. ऊसाचा रस आटवायची ती रुंद कढई पाण्यात सोडायची, दोन-चार माणसं बसवायची आणि ती गरगर फिरू नये म्हणून पोहणाऱ्यांनी कडेला धरून ढकलत न्यायची. आजही माजलगाव धरणात आणि जायकवाडीच्या फुगवट्यात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे मच्छीमार दिसतात. साहित्य बदललं, तऱ्हा तीच राहिली: बूड रुंद ठेवा, हळू जा, काठ सोडू नका.

समुद्र इथल्या माणसाच्या वाट्याला आला नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाला एवढ्या पसाऱ्यात हातभर किनारा नव्हता. शेवटच्या वर्षांत निजामाच्या दरबाराने गोव्यातल्या मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांकडे चाचपणीही करून पाहिली. त्यातून काही निघालं नाही. तरीसुद्धा दूरच्या समुद्रातल्या एका नावेने बीडच्या आयुष्याला जेवढं वळण लावलं, तेवढं गोदावरीतल्या सगळ्या नावांनी मिळून लावलं नसेल. ती नाव बालाघाटाच्या डोंगरांत कधीच दिसली नाही. तिला बघायचं तर एका रात्रीचा प्रवास करून मालवणला जावं लागतं.

मालवण, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुन्या घडणीची होडी अजून पाहायला मिळते. तिचा मूळ सांगाडा म्हणजे एका झाडाचा कोरलेला बुंधा. लांबी भरपूर, रुंदी एवढी कमी की माणूस आत बसला की दोन्ही काठ मांड्यांना लागावेत. बुंध्याची उंची पुरेना तेव्हा वर फळ्या चढवायच्या, आणि त्या खिळ्यांनी ठोकण्याऐवजी भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवायच्या, ही या किनाऱ्याची जुनी रीत. अशी अरुंद होडी पाणी कापत सरळ पळते, पण जरा कोणी उभं राहिलं की कलंडते. म्हणून तिच्या एका अंगाला दोन वाकडी लाकडं आडवी बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. हा ओंडका होडीला समांतर, पाण्यावर तरंगत चालतो. त्याला उलांडी म्हणतात.

उलांडीची करामत दुहेरी आहे. होडी उलांडीच्या बाजूला कलली तर ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर रेटतं. होडी उलट्या बाजूला कलली तर ओंडका पाण्याबाहेर उचलला जातो आणि त्याचं वजन होडीला परत खाली खेचतं. तरंगणं आणि वजन, दोन्ही एकाच लाकडाकडून वसूल. वर होडीचं अंग अरुंदच राहत असल्यामुळे वेग जात नाही. आणि हे सगळं दोरीच्या बांधणीवर. लाटेचा तडाखा बसला की दोरी थोडी देते आणि सांधा मोडत नाही.

फुटणाऱ्या लाटांमधून रोज आत जायचं आणि रोज वाळूवर परत यायचं, अशा किनाऱ्याला ही होडी फार मानवते. रापणीचं कामही असंच असतं. जाळ्याच्या दोरीचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे द्यायचं, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक दूरवर पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि तासन्‌तास ओढणं चालतं. बायका, पोरं, वाटसरू, कोणीही दोरीला हात लावावा. बांगडा, तारली, पेडवे जे वर येईल त्याचे वाटे पडतात, आणि ओढणाऱ्यालाही काहीतरी मिळतंच. गाबीत समाजाचं अख्खं अर्थकारण कित्येक पिढ्या या दोरीला बांधलेलं होतं. पुढे ट्रॉलर आले, किनाऱ्याजवळ येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले, आणि १९८१ साली महाराष्ट्राला सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला. कायद्याने रापण वाचली किती, हा मालवणात आजही वादाचा विषय आहे.

गंमत अशी की ही उलांडी सगळ्या कोकणात नाही. मुंबई-ठाण्याच्या कोळ्यांच्या नौकांना ती नसते. रत्नागिरीच्या आसपासपासून ती दिसू लागते. मालवण, गोवा, कारवार इथे भेटते, पुढे केरळच्या किनाऱ्यावर जवळपास नाहीशी होते आणि एकदम श्रीलंकेत पुन्हा डोकं वर काढते. मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल या कोड्याने झपाटले होते. किनारा पालथा घालून त्यांनी भारतीय नौकांच्या घडणीवर १९२० साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे ए. सी. हॅडन यांच्याबरोबर पॅसिफिकमधल्या नौकांवर तीन खंड लिहिले. पॉलिनेशियन वळणाचे लोक कधीकाळी दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर येऊन मिसळले असावेत, असा त्यांचा तर्क. लोक मिसळल्याचा भाग आज फारसा कोणी मान्य करत नाही. नौका पूर्वेकडून आली, हे मात्र बहुतेकांना पटलेलं आहे.

ही पूर्व म्हणजे तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया. तिथल्या ज्या दर्यावर्दी लोकांना अभ्यासक ऑस्ट्रोनेशियन म्हणतात, त्यांनी उलांडीची नौका घेऊन जगातला सगळ्यांत मोठा समुद्र पालथा घातला. एका दिशेला हवाई, ईस्टर बेट, न्यूझीलंड. दुसऱ्या दिशेला थेट आफ्रिकेजवळचं मादागास्कर. मादागास्करची भाषा शेजारच्या आफ्रिकेतल्या भाषांची नातलग नाही. तिचं नातं हजारो किलोमीटर दूरच्या बोर्निओतल्या एका बोलीशी जुळतं. वाटेत निकोबार बेटं. तिथल्या उलांडीच्या नौकेलाही अंदमानात होडीच म्हणतात, आणि कार निकोबारमध्ये तिच्या शर्यती लागतात. अंदमानला सेल्युलर जेल पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या नजरेस ती सहसा पडत नाही, कारण निकोबार हा १९५६ च्या नियमाखाली आदिवासींसाठी राखून ठेवलेला मुलूख आहे.

मराठवाड्याने जहाजं पाहिली नव्हती असं मात्र नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात शिडांचं एक जहाज रंगवलेलं आहे, समुद्रापासून शेकडो कोस दूर, डोंगराच्या पोटात. त्याला उलांडी नाही. त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी जावा बेटावर बोरोबुदूरच्या भिंतींवर जी जहाजं कोरली गेली, त्यांतल्या मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंनी उलांड्या आहेत. एकाच समुद्रावरच्या दोन घडणी, दगडावर आणि रंगात टिकून राहिलेल्या. दोन्ही जहाजं अलीकडे पुन्हा बांधून झाली. बोरोबुदूरचं जहाज २००३-०४ मध्ये इंडोनेशियाहून निघून घानापर्यंत गेलं. अजिंठ्यावरून बेतलेलं, काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात आलं.

आता त्या नावेतल्या सामानाविषयी.

उलांडीच्या नौकांतून माणसं रिकामी गेली नाहीत. नव्या बेटावर उतरून जगायचं तर पेरायला-लावायला काहीतरी हवं. नारळ होता, सुपारी होती, केळी होती, आणि ऊस होता. आज आपण ज्याला जाड, रसाळ ऊस म्हणतो त्याचं माहेर न्यू गिनी. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो शेतात आणला, आणि तिथून तो बेटामागून बेटं करत फिरला. ऊसाला बी जपावं लागत नाही. दोन डोळ्यांचं टिपरं पाला-पाचोळ्यात गुंडाळून ओलं ठेवलं की ते आठवडे-पंधरवडे जगतं, आणि जमिनीत आडवं पुरलं की फुटतं. समुद्रप्रवासाला याहून सोयीचं बेणं शोधून सापडणार नाही. असा फिरत फिरत तो भारतात आला, इथल्या रानटी कासाशी त्याचा संकर झाला आणि बारीक, काटक देशी ऊस तयार झाला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अलेक्झांडरबरोबर आलेल्या ग्रीकांनी मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूची नवलाई लिहून ठेवली. रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या तर भारतानेच जगाला दिली.

दख्खनवर माल कुठल्या वाटांनी फिरायचा, याचीही थोडी नोंद आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन पेठा भडोचशी जोडलेल्या दिसतात. बैलगाड्यांनी माल न्यायचा आणि रस्ता वाईट. पैठणहून तेरला सरळ रेघ मारली तर ती बीड जिल्ह्यातूनच जाते. समुद्र इथे नव्हता, समुद्राचा रस्ता मात्र होता. दंतकथांमध्येही तो आहे. कोकणातल्या चित्पावनांना मुली मिळेनात तेव्हा परशुरामाने अंबेजोगाईच्या मुली मिळवून दिल्या, अट एवढीच की योगेश्वरीला कुलदेवता मानायचं, अशी एक कथा सांगितली जाते. कथा म्हणून सोडून दिली तरी शतकानुशतकं कोकणातली कुटुंबं घाट चढून अंबेजोगाईला कुळाचार करायला येत राहिली, हे खरंच आहे. बीडकरांना मात्र उलट दिशेने, समुद्राकडे जायचं कारण फारसं नव्हतं.

ते कारण ऊसाने दिलं, आणि फार उशिरा.

दरम्यान ऊसाने जगात मोठीच उलथापालथ केली होती. १६३९ साली डचांनी तो जावाहून मॉरिशसला नेला. फ्रेंचांनी वाढवला, इंग्रजांनी बेटभर पसरवला. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांनी त्याआधीच दुसरी सोय पाहून ठेवली होती. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर येऊ लागले. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबईहूनही. ज्या धक्क्यावर ते उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. सुमारे पाच लाख माणसं तिथे उतरली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या भागातले मराठी लोक बरेच होते. उलांडीच्या होड्या ज्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत, तिथलीच ही माणसं.

त्या मळ्यांवर एक नियम होता, इंग्रजीत त्याला ‘डबल कट’ म्हणत. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप असो, बाळंतपण असो, नाहीतर नुसता जीव नकोसा झालेला असो. कित्येक मजुरांचा महिन्याचा हिशेब मालकाकडून येणं निघण्याऐवजी देण्यावरच संपायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा नियम गेला. मराठी माणसं राहिली. आज ती बेटाच्या लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, शाळांतून मराठी शिकतात, कोकणातली जाखडी ‘झाकरी’ म्हणून नाचतात. आणि ज्या देशात त्यांच्या पणजोबांना सुट्टीचा दुप्पट दंड पडत होता, तिथे गणेश चतुर्थीला आता सरकारी सुट्टी असते.

पॅसिफिकमध्ये गोष्ट जरा वेगळ्या क्रमाने घडली. हवाईत ऊस उलांडीच्या नौकेतूनच आला होता, पॉलिनेशियनांबरोबर, गोऱ्या माणसाच्या कितीतरी आधी. १८३५ साली काउआई बेटावर कोलोआला व्यापारी मळा निघाला, आणि मग चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्सहून मजूर आणणं सुरू झालं. त्याच काळात मिशनऱ्यांना हवाईयन लोकांचं लाटांवर खेळणं आळशीपणाचं वाटत होतं. दिवसभर पाण्यात राहणारा माणूस मळ्यावर कधी राबणार? शतक उलटलं आणि वारं फिरलं. १९०१ मध्ये वाइकिकीच्या वाळूवर मोआना हॉटेल उघडलं. १९०८ मध्ये अलेक्झांडर ह्यूम फोर्ड या धडपड्या पत्रकाराने त्याच्या शेजारीच ‘आउटरिगर कनू क्लब’, म्हणजे उलांडीच्या नौकांचा क्लब, काढला. हेतू हा की बेटावरची नौका आणि लाटफळी मरू नये. सभासद जवळजवळ सगळे गोरे. तेव्हा हवाईयन पोरांनी आपली वेगळी मंडळी जमवली. त्यांतला ड्यूक कहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात सोनं घेऊन आला. बोटीने आलेले अमेरिकी पाहुणे उलांडीच्या नौकेत बसून लाटेवरून किनाऱ्याला येण्याचे पैसे मोजू लागले, आणि तिला वल्हवणारे स्थानिक तरुण वाइकिकीची ओळख झाले. १९५२ पासून मोलोकाई ते ओआहू अशी खुल्या समुद्रातली शर्यत भरते. हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. नौकांचे क्लब चालू आहेत.

सिंधुदुर्गातही सुट्टी हा धंदा झाला तो गेल्या तीसेक वर्षांत. तिथे समुद्र पाहायला माणसं आधीही येत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या किल्ल्याला जायचं म्हणजे मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसणं आलंच. १९९७ मध्ये हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि तारकर्ली-देवबागच्या गाबीत घरांवर ‘न्याहारी व निवास’च्या पाट्या लागल्या. कर्ली नदीच्या मुखाशी वर आलेल्या वाळूच्या दांड्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणू लागले. तिथे आता जलक्रीडांची जत्रा भरलेली असते. रापण ओढताना पाहुणेही दोरीला हात लावतात, फोटो काढून घेतात. होड्या बहुतेक फायबरच्या झाल्या, मागे इंजिन आलं, आणि रुंद बुडाच्या फायबर होडीला उलांडीची गरज उरली नाही.

महाराष्ट्राच्या पठारावर त्याच्या कितीतरी आधीपासून उलांडीने आणलेलं ते बेणं पसरत होतं. नीरा, मुठा, प्रवरा यांचे कालवे निघाले तसा आधी पुंड्या ऊस, मग कोइमतूरच्या पैदास केंद्रातला ‘को ४१९’. या ४१९ च्या आई-बापांत जावाच्या संशोधन केंद्रातली एक जात आहे. म्हणजे बेटांचा धागा तिथेही सुटला नाही. पुढे ‘को ७४०’, आणि आज सगळीकडे ‘को ८६०३२’. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्यापाठोपाठ नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर भरून गेलं. ऊस लावायला पाणी लागतं, ते पश्चिमेकडे होतं. तोडायला माणसं लागतात, ती बालाघाटाच्या कोरडवाहू गावांत होती. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली कसर भरून काढली.

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं निघायला लागतात. जिल्ह्यातून काही लाख माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडेपर्यंत तोडायचं. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, गाडी रात्री कधी येईल त्याचा नेम नाही. पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोप्या. कोल्हापूरच्या फडापासून मालवणची वाळू चार-पाच तासांवर असते. हंगामही एकच. कोकणात पाहुण्यांची गर्दी दिवाळीपासून वाढते, तेव्हाच इकडे कारखान्यांची धुराडी पेटतात.

या कामात सुट्टीला वेगळंच नाव आहे: खाडा. एक दिवस कोयता चालला नाही तर मजुरी तर जातेच, शिवाय खाड्याचा दंड उचलीत चढतो. मॉरिशसच्या ‘डबल कट’चं हे जिवंत भावंड आहे, फक्त कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही म्हणून, शिवाय फडावर पाणी नाही, आडोसा नाही आणि आजार अंगावर काढायची सवय म्हणून, बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयंच काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये बाहेर आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं निघाली आहेत. खाड्याचा दंड बंद करा ही मागणी अजून मागणीच आहे.

साधारण मार्च-एप्रिलात कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. कोप्या मोडतात, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं असं सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं आणि टोळ्या बीडच्या रस्त्याला लागतात. कोकणाकडे उन्हाळी सुट्टीच्या गाड्या तेव्हा नुकत्या कुठे निघू लागलेल्या असतात. पुढे १ जूनला समुद्रातली यांत्रिक मासेमारी दोन महिन्यांसाठी थांबते आणि होड्या झाकून ठेवल्या जातात. बालाघाटावर कापूस-सोयाबीनची पेरणी होते.

मालवणात समुद्र पुन्हा उघडतो तो नारळी पौर्णिमेला. सिंधुदुर्गावरून मानाचा नारळ समुद्राला जातो, आणि धक्क्यावर नारळ लढवण्याची चुरस लागते: एकाने हातात नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आदळायचा, फुटेल तो हरला. कठीण कवचीचे नारळ लोक आठवडे आधी निवडून ठेवतात. तोवर धारूर-वडवणीकडे मुकादमांच्या चकरा सुरू झालेल्या असतात. कोणत्या कारखान्याला जायचं, कोयत्याला उचल किती, भाव टनाला काय, खाडा कितीचा, सगळं ओसरीवर बसून ठरतं. काही तोंडी, काही साध्या स्टॅम्पवर अंगठा घेऊन.